पोटाचं पान वेगळं, हाताचं वेगळं

आमच्या पुस्तकभिशीत एकच नियम होता. पुस्तक वाचून झाल्यावर नुसतं ‘छान आहे’ म्हणायचं नाही. छान असेल तर का, भिकार असेल तर कुठे, ते सांगायचं. नियम मी केलेला. माहेरी, साताऱ्याकडे, वडील आम्हा बहिणींना वाचलेल्या प्रत्येक पुस्तकावर बोलायला लावत. लग्न होऊन भोसरीला आले तेव्हा मला आई-वडिलांपेक्षा त्या बोलण्याचीच जास्त आठवण यायची, असं आज म्हटलं तर खोटं ठरणार नाही.

मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. भोसरीत औद्योगिक वसाहतीच्या शेड एकीला लागून एक उभ्या राहत होत्या, आणि गावातली जुनी शेतकरी घरं आपल्या परड्यात पत्र्याच्या खोल्या काढून कामगारांना भाड्याने देत होती. आमची खोली त्यातलीच. सगळ्या खोल्यांसमोर एक लांब ओटा, टोकाला नळ, आणि प्रत्येक दाराशी पाणी तापवायचा तांब्याचा नाहीतर पत्र्याचा बंब. माझे यजमान पिंपरीच्या एका मोठ्या कंपनीत तीन शिफ्टमध्ये काम करत. दिवस खायला उठायचा. म्हणून मी चिंचवडच्या एका वाचनालयाची वर्गणीदार झाले, आणि मग शेजारणींना जमवून ही भिशी सुरू केली. पैशांऐवजी पुस्तक. चिठ्ठी जिची निघेल तिने सांगावं कसलं पुस्तक हवं, मी ते आणायचं, मग ते हातोहात फिरायचं, आणि मंगळवारी दुपारी माझ्या खोलीत त्यावर बोलायचं.

चौघीजणी नेमाने येत. एक आमची घरमालकीण, तिला सगळे मावशी म्हणत. तिला वाचता येत नव्हतं, पण ती गहू निवडायचं सूप घेऊन यायची आणि मी तिला पुस्तक वाचून दाखवायची. दुसरी जवळच्या शाळेतली शिक्षिका, तिला आम्ही बाई म्हणायचो. तिचे यजमान देहूरोडला दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. तिच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याखाली चरित्रांची रांग. तिसऱ्या रत्नागिरीकडच्या काकू. रहस्यकथांशिवाय त्यांना दुसरं काही वाचवत नसे. आणि चौथी सगळ्यांत लहान, लातूरकडची. तिचा नवरा दुष्काळात गाव सोडून इकडे आला आणि वसाहतीच्या मागच्या अंगाला एका छोट्या शेडमध्ये कामाला लागला. त्यांना एक मुलगी होती, तीनेक वर्षांची, कायम आईच्या मांडीवर.

सुरुवातीचे मंगळवार फार हसण्यात गेले. एका शिकाऱ्याच्या आठवणींचं जाडजूड पुस्तक आणलं होतं. मी मावशींना वाघाच्या पाणवठ्याचं प्रकरण वाचून दाखवलं. वाघ येतो, शिकारी मचाणावर, आणि मग चार पानं नुसतं चांदण्याचं वर्णन.

मावशी सूप थांबवून म्हणाल्या, “त्यो वाघ म्होरं बसलाय, आन् ह्यो चांदणं काय बघत बसलाय? त्याला भ्या वाटत न्हाई का?”

“वाटत असणार, मावशी. लिहिलं नाही एवढंच,” बाई म्हणाली.

“मग काय लिवलं त्यानं? भ्याच तर ऐकायचं हाय आमाला.”

सरकारी दौऱ्यावर जपानला जाऊन आलेल्या एका गृहस्थांचं प्रवासवर्णन होतं. त्यावर बाईचं मत दोन वाक्यांचं होतं. माणूस एवढ्या लांब गेला आणि हॉटेलातल्या चहाविषयी तक्रार करून परत आला. तो एकाही जपान्याच्या घरात गेलेला दिसत नाही. काकूंनी तर एका गाजलेल्या सामाजिक कादंबरीला “तीनशे पानं रडारड, आणि मेलं कोणीच नाही” म्हणून निकालात काढलं.

लातूरकडची काही बोलत नसे. पुस्तक नेई, वेळेवर परत करी, पानाचा कोपरासुद्धा मुडपलेला नसे. विचारलं तर मान हलवी. सातवीपर्यंत शिकलेली होती. वाचायची मात्र सगळं. मला वाटे, बुजते आहे, बोलेल हळूहळू.

ती पहिल्यांदा बोलली ती एका भयकथेवर. गोष्ट अशी की एका सुखी घरातल्या नवऱ्याला कसली तरी बाधा होते आणि एका अमावास्येला तो आरडाओरडा करत, डोळे फिरवत बायकोवर धावून येतो. काकूंना ती फार आवडली होती. त्या सांगत होत्या, की ते ओरडणं वाचताना त्यांच्या हाताला घाम सुटला.

“खोटंय ते,” लातूरकडची म्हणाली.

आम्ही सगळ्या तिच्याकडे पाहू लागलो.

“माणूस असा ओरडून येत नाही, काकू. आधी गप होतो. मग आपल्याच हातावर चिडतो. मग जेवताना भिंतीकडं बघत बसतो. ओरडणं लई मागून.”

काकू हसायला गेल्या, पण हसू अर्ध्यात राहिलं. मुलगी आईच्या पदराचा काठ तोंडात घालून चघळत होती. मावशींच्या सुपातले गहू मला नुसते ऐकू येत होते.

त्या संध्याकाळी बाई ओट्यावर माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. “मारतो का गं तिला?” तिने हळूच विचारलं. मलाही तेच वाटलं होतं. पण मी कधी आवाज ऐकला नव्हता, आणि त्या पत्र्याच्या खोल्यांमध्ये कुणाची उचकीसुद्धा लपत नसे.

दुसऱ्या दिवशी मी काहीतरी निमित्त काढून तिच्या दारात गेले. नवरा घरीच होता. पोटात कळ येते म्हणून शेडवर गेला नव्हता. भिंतीला टेकून बसलेला, जेमतेम तिशीचा माणूस, पण चेहरा जुन्या कागदासारखा फिकट. तिने त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला. त्याने उजवा हात पुढे केला तर मनगटापासून पंजा खाली लोंबला, ओल्या फडक्यासारखा. कप कलंडला. तो कपाकडे पाहत राहिला. शिवी नाही, ओरडणं नाही. मग त्याने डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला, जसा कुणी परक्याचा हात बाजूला करावा तसा.

मी परत निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली. “बघितलंत ना ताई,” एवढंच म्हणाली.

पुढची चिठ्ठी काकूंची निघाली, आणि त्यांनी नेहमीप्रमाणे रहस्यकथा मागितली. मी आणलेल्या कादंबरीत एका श्रीमंत व्यापाऱ्याची तरुण बायको त्याच्या दुधात थोडं थोडं विष घालते. महिनोन्महिने. तो वाळत जातो, वैद्य हात टेकतात, आणि शेवटी गुप्तहेर दुधाच्या पेल्यावरून तिला पकडतो. पुस्तक सगळीकडे फिरून मंगळवारी परत आलं. बाईचं मत होतं की लेखकाला बायकांचा राग आहे, पानोपानी दिसतो. मावशींना व्यापाऱ्याची कीव आली नाही. “म्हातारपनी कवळी पोरगी केली त्यानं, त्याचं काय?”

लातूरकडची मात्र प्रश्न विचारू लागली. पुस्तक तिनेही वाचलं होतं, तरी काकूंना विचारत होती, जणू काकू त्या घरात राहून आल्या होत्या.

“त्याला पहिल्यांदा कुठं दुखायला लागलं?”

“पोटात. लिहिलंय की.”

“अन् हात?”

“हाताचं काही नाही गो त्यात.”

“तोंडाला कसली चव यायची का? गोड, पैसा चोखल्यासारखी?”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. “मला नाही आठवत तसं,” त्या म्हणाल्या.

“असं थोडं थोडं खाल्लेलं विष बाहेर काढता येतं का? त्यात सांगितलं नाही. व्यापारी मेलाच, म्हणून लेखकानं पुढं विचारच केला नाही.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “ताई, हे पुस्तक अजून आठवडाभर ठेवू का? अन् वाचनालयात विषांवरचं, नाहीतर आजारांवरचं पुस्तक असलं तर बघता का?”

मी हो म्हणाले. काकू त्या दिवशी लवकर उठून गेल्या.

वाचनालयात विषांवर काही मिळालं नाही. घरगुती औषधोपचारांचं एक जुनं पुस्तक मिळालं, ते मी तिला दिलं. तिने ते दोन-तीन दिवसांत वाचून काढलं आणि मंगळवारची वाट न पाहता परत आणून दिलं. उभ्याउभ्याच तिने मत सांगितलं. एवढ्या वर्षांत मी शेकडो पुस्तकांवर बायकांना बोलताना ऐकलं, पण त्या पुस्तकावरचं तिचं बोलणं जसंच्या तसं माझ्यापाशी राहिलं आहे.

“यात पोटदुखीचं पान वेगळं हाय, हाताचं पान वेगळं, रागाचं तर पानच नाही. पोटाला ओवा, हाताला तेल. पण ताई, माणूस तर एकच हाय ना? एकाच माणसाला हे सगळं एकदम कशानं होतं, ते कुणीच लिहीत नाही.”

“डॉक्टरकडे नेलंस का?”

“दोघांकडं नेलं. एकानं जंत म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं दारू सोडा म्हणून. हे दारूला शिवत नाहीत.”

तोवर नळावर बोलणं सुरू झालं होतं. काकूंनी ते हसत हसत सांगितलं होतं म्हणे, की आमच्या भिशीत एक वाचक अशी आहे, विषाची कृती विचारते. पहिल्या तोंडी ती थट्टा होती. तिसऱ्या तोंडी गेली तेव्हा थट्टा गळून पडली होती. नवरा वाळत चाललाय, हे तर सगळ्यांना दिसतच होतं. बायको विषाचं पुस्तक दोन दोन वेळा वाचते, हे आता कळलं. मध्ये काय, ते ज्याने त्याने आपल्या मनाने भरलं.

आमच्या रांगेत वाटीभर भाजीची देवघेव रोजची होती. तिच्या घरची वाटी हळूहळू कुणी घेईना. घेतलीच तर तशीच गटारात जाई, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पोरांना तिच्या दारात खेळायला जाऊ देत नसत. ती पाणी भरायला आली की नळावरचं बोलणं थांबे, आणि ती घागर उचलून वळली की मागे पुन्हा सुरू होई. तिला हे कळत नव्हतं असं नाही. ती फक्त जास्त जास्त ताठ चालू लागली.

मंगळवारी काकू आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या मंगळवारीही नाही. मी मावशींना विचारलं, “तुम्हाला काय वाटतं?”

मावशींनी सुपातले दोन खडे वेचून टाकले. मग म्हणाल्या, “मला काय वाटायचं. पर त्यांच्या पोरीच्या पन पोटात दुखतंय. आई पोरीला कशापायी घालंल?”

मुलीचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या संध्याकाळी ओट्यावर तिला नीट पाहिलं. ती मांडीवरून उतरतच नव्हती. पूर्वी थोडंफार बोलायची, तेही थांबलं होतं. ओट्याच्या कडेचा निघालेला गिलावा नखाने खरवडून ती तोंडात टाकत होती.

मग एका मंगळवारी दुपारी लातूरकडचीचा दीर आला. कुणीतरी गावाकडे निरोप पोहोचवला होता. आम्ही तिघी-चौघी बसलो होतो, तीही होती, आणि माझ्या हातात कुणा समाजसुधारकाचं चरित्र होतं. दारात अंधार झाला म्हणून वर पाहिलं. उंच माणूस, डोक्याला पटका, पायात धुळीच्या वहाणा, आत येताना त्या काढायचंही भान नाही.

“कुठंय ते इखाचं पुस्तक?” त्याने विचारलं.

मी हातातलं चरित्र मिटलं.

“माझा भाऊ तिकडं वाळायलाय, अन् ही इथं बसून पुस्तकं वाचायलीय. भाऊ सांगायलाय मला, सगळं गोड लागतंय म्हणून. भाकरी गोड, पाणी गोड. काय घालतीस त्यात? सांग ह्या बायांसमोर!”

ती उठून उभी राहिली. मुलगी तिच्या कमरेला चिकटली.

“काढ ते पुस्तक. चौकीवर दाखवतो.” तो माझ्या फळीकडे सरकला आणि पुस्तकं उपसून खाली टाकू लागला. चरित्र, प्रवासवर्णन, शिकाऱ्याच्या आठवणी, सगळी माझ्या पायाशी येऊन पडत होती. त्याला वाचता येत नव्हतं. कुठलं पुस्तक विषाचं, हे त्याला कळणारच नव्हतं, आणि तेच मला सगळ्यात भीतीचं वाटलं. त्या क्षणी कुठलंही पुस्तक चाललं असतं.

मावशी सूप बाजूला ठेवून उठल्या आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. बाहेर ओट्यावर माणसं जमली होती. “कुनी आत यायचं न्हाई,” मावशी त्यांना म्हणाल्या. “ही माझी जागा हाय.”

बाई मात्र जागेवरून न हलता, वर्गात बोलावं तसं बोलली. “दादा, पुस्तक घेऊन चौकीवर काय कळणार? विष पुस्तकात नाही, असलं तर तुमच्या भावाच्या अंगात आहे. पुण्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन जा. तिथे रक्त तपासतात. विष निघालं तर डॉक्टर स्वतःच पोलिसांना बोलावतील.”

दीर थांबला. त्याचा हात फळीवर तसाच होता.

“चला,” लातूरकडची म्हणाली. तिचा आवाज बारीक होता, पण कापत नव्हता. “उद्याच चला. त्यांचं रक्त काढा, माझं काढा, पोरीचं पण काढा. मी दोन महिने झाले हेच म्हणायलेय, कशानं होतंय ते कुणीतरी सांगा. तुम्ही आलात तर बरंच झालं, भाऊजी.”

दिराने मान खाली घातली नाही, पण पुस्तकांना पुन्हा हात लावला नाही. जाताना मला म्हणाला, “तुम्ही पण यायचं. उद्या ही काही वेगळंच बोलली तर साक्षीला कुणी पाहिजे.”

म्हणून मी गेले. सकाळच्या बसमध्ये आम्ही बसलो, दीर आणि त्याचा भाऊ पुढे, आम्ही दोघी मागे, मुलगी तिच्या मांडीवर. नाशिक फाटा गेला, खडकी गेली. भाऊ खिडकीच्या गजाला डावा हात धरून बसला होता आणि उजवा त्याच्या मांडीवर उताणा पडला होता. मला सारखं वाटत होतं, आज यातलं कुणीतरी परत येणार नाही. बायकांच्या बोलण्यावरून बाईमाणसाला तुरुंगात टाकल्याच्या गोष्टी मी कादंबऱ्यांत वाचल्या होत्या आणि त्यांवर ‘अतिरंजित’ असं मतही दिलं होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आधी नवऱ्याला पाहिलंच नाही. त्यांची नजर मुलीवर गेली. त्यांनी तिची पापणी ओढून पाहिली, मग बोटाने खालचा ओठ मुडपून हिरड्या पाहिल्या. मग वळून बापाला तोंड उघडायला सांगितलं. त्याच्या हिरड्यांच्या कडेने, दातांना लागून, एक निळसर काळी रेघ होती. पेन्सिलीने आखल्यासारखी. मी ती त्यानंतर कधी विसरले नाही.

“काम काय करता?”

“बॅटऱ्या.”

“बनवता?”

“न्हाई. जुन्या फोडतो. आतलं शिसं वितळवून लाद्या पाडतो.”

“तोंडाला फडकं बांधता?”

“गरमी लई असते तिथं.”

“कपडे?”

“हेच. घरी ही धुते.”

डॉक्टर आता तिच्याकडे वळले. “आणि तिथून घरी काय काय येतं?”

तिने नवऱ्याकडे पाहिलं. मग तीच म्हणाली, “बॅटरीचे रिकामे डबे. कडक रबराचे. काळे. जळायला चांगले असतात. आम्ही बंबात घालतो.”

रॉकेलच्या रांगा लागायच्या ते दिवस होते. ते डबे तो पोत्याने आणायचा, आणि ती चांगल्या मनाने रांगेतल्या सगळ्या घरांना वाटायची. मावशींच्या बंबात तेच. काकूंच्या बंबात तेच. आमच्याही. काळा, जाड, गोडसर वासाचा धूर सकाळी ओट्यावरून लोळत जायचा आणि आम्ही त्यात उभं राहून दात घासायचो.

दिराने विचारलं, “मग इख?”

“हेच विष,” डॉक्टर म्हणाले. “शिसं. श्वासातून जातं, हातावरून जेवणात जातं. पोट, हात, डोकं, सगळ्याला धरतं. यांच्या पत्नीने वेळेत आणलं म्हणून बरं.”

दीर तिथेच बाकावर बसला. त्याने पटका काढून तोंडावर धरला. आणि ती, जी एवढे दिवस ताठ चालत होती, ती भिंतीला टेकली आणि हसली. हसलीच ती. मला म्हणाली, “एकच हाय बघा, ताई. तिन्हींचं एकच पान हाय.”

बापाला आणि मुलीला भरती करून घेतलं. मुलीला दुसऱ्या दिवशी झटका आला. डोळे वर गेले, दातखीळ बसली. त्या वॉर्डातले पुढचे दिवस कसे गेले ते तिलाच माहीत. मी एक दिवसाआड डबा घेऊन जात होते. एकदा गेले तर काकू आधीच येऊन बसल्या होत्या, पेजेचं पातेलं मांडीवर घेऊन. त्या तिच्याशी काही बोलत नव्हत्या आणि ती त्यांच्याशी. ती पेज चमच्याने मुलीला भरवत होती, आणि काकू पातेलं धरून होत्या. पुढे त्या रोज येत राहिल्या. माफी वगैरे कुणी मागितलेली मी ऐकली नाही.

इकडे मावशींनी सगळ्यांच्या दारातली काळी पोती उचलायला लावली. पण टाकायची कुठे, कुणालाच कळेना. शेवटी गडी लावून गावाबाहेर खड्डा काढला. बंबांतली राखही त्यातच. मावशी म्हणाल्या, शेडच्या मागच्या बांधावर त्यांची एक गाय चरायची, ती गेल्या साली पाय घासत घासत मेली होती, आणि तेव्हा त्यांनी सापाला बोल लावला होता. रांगेतल्या सगळ्या पोरांना आम्ही दवाखान्यात दाखवून आणलं. दोघांच्या रक्तात निघालं, पण थोडं. मला तेव्हा दिवस होते, पाचवा महिना. डॉक्टरांनी मला काही सांगितलं नाही, फक्त जरा जास्त वेळ माझ्याकडे पाहिलं. ते चार महिने मी कसे काढले ते मी कुणाला नीट सांगू शकलेले नाही. मुलगा धडधाकट झाला. तरी पुढे कित्येक वर्षं, तो बोलायला लागला, चालायला लागला, पाढे म्हणायला लागला, तेव्हा मी दर वेळी त्याच्या हिरड्या पाहत असे.

शेडचा मालक एकदा येऊन फळांची पिशवी ठेवून गेला. म्हणाला, दहा जण काम करतात, एकालाच कसं होतं? बाईने त्याला उरलेल्या नऊ जणांना दवाखान्यात पाठवायला सांगितलं. तो पुन्हा आला नाही. महिन्याभराने शेडला कुलूप दिसलं. पावसाळ्यानंतर वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला तसाच धूर निघू लागला, पाटी मात्र वेगळी होती.

मंगळवार पुन्हा सुरू व्हायला वेळ लागला. सुरू झाले तेव्हा सगळ्याजणी जपून बोलू लागल्या होत्या. पुस्तकावर मत देताना आधी दाराकडे पाहायची सवय कुणाकुणाला लागली होती. काकूंनी रहस्यकथा सोडल्या नाहीत, पण विषाची निघाली की नको म्हणायच्या. लातूरकडची काही मंगळवार आली. मग नवऱ्याला चाकणच्या बाजारात, कांदा-बटाट्याच्या एका व्यापाऱ्याकडे बसून करायचं काम मिळालं, आणि ते तिकडे राहायला गेले.

ऐंशी सालानंतर कधीतरी मी नातेवाइकांकडे लग्नाला चाकणला गेले होते, तेव्हा ती बाजारात भेटली. अंगाने भरली होती. नवरा गोणींजवळ खुर्चीवर बसला होता. त्याने मला डाव्या हाताने नमस्कार केला. मुलगी शाळेत जात होती, पण एका वर्गात दोन दोन वर्षं बसत होती. “समजतं तिला सगळं,” ती म्हणाली, “पण धरून ठेवता येत नाही. पाण्यासारखं निसटतं.”

मी विचारलं, काही वाचतेस का? तर म्हणाली, तिथल्या ग्रंथालयातली सगळी पुस्तकं झाली. तिने मला उभ्याउभ्या दोन कादंबऱ्यांवर आणि एका शेतीच्या पुस्तकावर मत दिलं. शेतीचं पुस्तक तिला आवडलं होतं, कारण त्यात लेखकाने एका ठिकाणी, आपला प्रयोग फसला आणि का फसला ते आपल्याला माहीत नाही, असं सरळ लिहून टाकलं होतं.

बोलता बोलता ती थांबली आणि बाजाराच्या मागच्या बाजूला पाहू लागली. तिथे मोकळ्या माळावर खांब रोवलेले होते आणि पत्रे चढत होते.

“शेड हाय,” ती म्हणाली. “तीनदा जाऊन विचारून आले, इथं काय करणार म्हणून. मुकादम म्हणतो माहीत नाही. मालक तर भेटतच नाही.”

“असेल काहीतरी साधंच,” मी म्हणाले.

“असेल की.” तिने डोक्यावरचा पदर नीट केला. “उद्या परत जाते.”